सरळ केलेला दगड

"हॅलो? … हो ताई, बोल. … जेवतोय कुठला. … मांजर गं, भांडं पाडलं तिनं. … सिमेंट? वाळलं कधीच. … दाजींना चष्मा लागला का?"

गवंड्याने फोन खांद्यात दाबला आणि आधीच धुतलेली थापी पुन्हा नळाखाली धरली. हल्ली ताईशी बोलताना त्याला हातात काहीतरी लागायचं.

"काय? … आज? होडी घ्यायला आज येतायत? … अगं पण इतकी घाई… हो, हो, दाजीच म्हणाले असतील. डोळे अधू झाले, म्हणून खडकावर आपटली, म्हणाले असतील. … हो, परवा मीही म्हणालो, वय झालं म्हणून. सगळेच म्हणत होते. … अगं ऐक ना. … ऐक. होडी विकू नका."

नळ चालूच होता.

"कारण… किनाऱ्यावरचा तो उभा दगड. … तोच. कोणी थडगं म्हणतं, कोणी शीव, किती जुना कोणालाच पत्ता नाही. … विषय बदलत नाहीये गं! दाजी समुद्रातून आत शिरताना काय बघतात? दगडाचं डोकं पाण्याच्या टाकीसमोर आलं की वळायचं… बरोबर? … तर तो मी सरळ केला. … सरळ म्हणजे सरळ! कललेला होता, ओळंबा लावला, दोर बांधून ताठ उभा केला. … नाही, कोणी नव्हतं सांगितलं. काम फक्त भोवतीच्या कट्ट्याचं होतं. … अगं, माझ्या कट्ट्यात वाकडा दगड? लोक हसले असते मला! … हो. हातभर तरी सरकलं डोकं. … हो, त्यामुळेच. दाजींचे डोळे ठणठणीत आहेत."

पाणी चपलेत शिरलं तेव्हा कुठे त्याने खाली पाहिलं.

"ताई? … शिव्या घाल, पण बोल. … काय? … त्यांना माहीत आहे? … पहिल्या दिवसापासून? … मग डोळ्यांचं का सांगत सुटले?"

गवंडी ओल्या पायरीवर तसाच बसला.

"माझी कामं बंद पडतील म्हणून… … आणि तू? … तुला शपथ घातली होती. म्हणून फोन केलास. मी आपणहून बोलतो का बघायला. … हो, उशीर केला. … रडत नाही गं, नळ चालू आहे. … दाजींना दे ना. … नको म्हणतायत? … बरं. मग मी येतो. घ्यायला येतील त्यांच्यासमोर सांगतो, गल्लीसमोर सांगतो. … हॅलो? … ताई?"

फोन कट झाला होता.

दगड सरळ केला त्या दिवशी दाजी समुद्रात होते. पहाटे निघताना त्यांनी तो कललेलाच पाहिला होता; परतताना होडी खडकावर आपटली, तेव्हा तो ताठ उभा होता.