दारावरची यादी

अलोज : चिकटपट्टी मिळणार नाही. चाळीस वर्षं या क्लबचे बूट आणि शर्ट सांभाळतोय, कुणाला कशाला नाही म्हटलं नाही. आज म्हणतो.

गेरार्ड : काका, मी इथला कोच आहे. एक कागद दारावर लावायचाय, एवढंच.

अलोज : कोच झालास म्हणून शिंगं फुटली का? वाचलाय मी कागद. हिवाळी सुट्टी संपून मार्चमध्ये सामने सुरू होतील तेव्हा कोण खेळणार, त्यांची नावं. त्यात लेशेक नाही.

गेरार्ड : छत्तिसावं चालू आहे त्याला. दोनदा गुडघ्यातलं पाणी काढलंय. तो बॉलपाशी पोचेपर्यंत बॉल निघून गेलेला असतो. आणि आपण गुणतक्त्यात तळातून दुसरे आहोत, काका.

अलोज : काढू नको असं कुठे म्हणतोय? तुझा कॅप्टन आहे तो. तोंडाने सांग. आज दुपारी बाराला हॉलमध्ये सगळे नाताळची पातळ पापडी घेऊन उभे राहणार, एकमेकांच्या पापडीचा तुकडा मोडणार, मनात काही न ठेवता एकमेकांचं भलं चिंतणार. तू काय करणार?

गेरार्ड : घसा धरलाय. घरी जातो.

अलोज : घसा. बरं. एकोणीस वर्षांपूर्वी याच दारावर कागद लागला होता, आठवतंय?

गेरार्ड : तो विषय नको.

अलोज : शंभरावर गोल केले होतेस या खाणीच्या क्लबसाठी. देशाचा पांढरा-लाल शर्ट दोनदा घातलास, तो धुतलाही मीच. आणि त्या दिवशी कागदावर बोट फिरवत होतास. वरून खाली, परत वरून खाली. टाइप करताना नाव राहिलं असेल म्हणून.

गेरार्ड : स्कोवरोनने मला काढलं, पण तोंडाने एक शब्द सांगितला नाही. माझा कोच होता तो, बापासारखा. जर्मनीत जाऊन फडतूस क्लबात खेळलो, गावोगावच्या टीम शिकवल्या, तेव्हा कुठे इथे परत आलो. त्या माणसाची पापडी मी मोडणार नाही.

अलोज : ठाऊक आहे. दरवर्षी म्हातारा हात पुढे करतो आणि तू सिगारेट ओढायला मागच्या दाराने सटकतोस. पण एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तू बोट फिरवत होतास ना, तेव्हा स्कोवरोन इथेच होता. माझ्या खोलीत, या बाकावर. दाराच्या फटीतून तुला बघत होता. मला म्हणाला, "अलोज, तूच सांग ना त्याला." मी म्हटलं, माझं काम बुटांचं.

गेरार्ड : इथे? या बाकावर?

अलोज : तू बसलायस तिथेच.

(लेशेक हातात फुटबॉलचे बूट घेऊन आत येतो.)

लेशेक : अलोजकाका, मार्चच्या सामन्यांसाठी बूट मागवाल तेव्हा माझे अर्धा नंबर मोठे मागवा. अरे, कोच, तुम्हीही इथे?

गेरार्ड : लेशेक, बस जरा.

लेशेक : बोला ना, उभा बरा आहे. बसलं की उठताना गुडघा बोलतो.

गेरार्ड : ही मार्चची यादी. तू नाहीस यात.

लेशेक : टाइप करताना राहिलं असेल.

गेरार्ड : नाही. मी काढलं.

लेशेक : दारावर लावली असती तरी चाललं असतं, कोच. एकट्याने वाचली असती. इथे तुम्हा दोघांसमोर तोंड कुठे लपवू?

गेरार्ड : लपवू नकोस. मी त्या दारापाशी एकटाच होतो. त्यानंतर एकोणीस वर्षं एका माणसाशी बोललो नाही. तुझं-माझं तसं व्हायला नको. शिव्या दे हव्या तर.

लेशेक : बायकोला काल म्हणालो, अजून एक मोसम. ती हसली. तिला कळलं होतं वाटतं.

गेरार्ड : बायकांना कळतं.

लेशेक : बूट मागवू नका, काका. हे पुरतील. कोच, बाराला येताय ना?

गेरार्ड : घसा धरला होता. सुटला.

लेशेक : या. पण माझ्याकडे लगेच येऊ नका पापडी घेऊन. सगळ्यात शेवटी या. तोवर जमेल मला.

गेरार्ड : शेवटी येतो.

अलोज : गेला. मान ताठ ठेवून गेला पोरगा. हे घे, चिकटपट्टी. आता लाव खुशाल.

गेरार्ड : काका, स्कोवरोन कुठे बसतो?

अलोज : हॉलच्या मागच्या दाराशी. गार वारा येतो तिथे, सगळे म्हणतात पुढे बसा. ऐकत नाही. तू त्याच दाराने जातोस ना.