मी त्यांचं नाव घेतलं नाय

मी मूळची कुडाळकडची. आमच्या गावात नारळ कमी नि फणस जास्त, नि घरटी एक पुरुष मुंबैला गिरणीत. चौदाव्या वर्षी लग्न झालं, बोटीनं आले, थेट लालबागच्या चाळीत तिसऱ्या माळ्यावर. सासू पहिल्याच दिवशी म्हणाली, बाय, घोवाचा नाव तोंडार हाडू नको, आयुष्य कमी होता त्येंचा. बरं म्हटलं, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाय. कुणी विचारलंच तर बाजूच्या खोलीतली सुशीला माझ्याबदली सांगायची. रेशनचा माणूस आला की मी नुसतं तिच्याकडं बघायचं. सगळ्या बायकांचं तसंच होतं, त्यात कुणाचं काय अडत नव्हतं.

हे गिरणीत साच्यावर होते, कापड विणायचे, पण जीव सगळा महाराष्ट्राच्या चळवळीत. गेटावर भाषण करायचे, आवाज असा की दुसऱ्या पाळीची माणसं आत जायची थांबायची. मग आमची दहा बाय बाराची खोली म्हंजे हापीसच झालं. पेजेच्या टोपात मी पोस्टराची खळ शिजवलीय, काय सांगू तुम्हाला, आठ आठ दिवस भाताला मैद्याचा वास. बायका म्हणायच्या, तुझा घोव पुढारी झालो गो. मुंबई कुणाची नि कशाला, मला कुठलं कळायला, माणसं वाढली की भात वाढवायचा एवढं कळायचं. पण बरं वाटायचं हो, खोटं कशाला बोलू.

गोळीबार झाला त्या दिवशी दुपारीच जिन्यातून कुणी ओरडलं, भाऊंना पोटात लागली, इस्पितळात नेलंय. भाऊ म्हंजे हेच, चाळ त्यांना भाऊच म्हणायची. कर्फ्यू होता, सुशीलेला तिच्या नवऱ्यानं बाहेर सोडली नाय. पोर सासूकडं ठेवून मी एकटीच निघाले, गल्ल्यागल्ल्यांतून, पायात चप्पल नाय. तिथं टेबलाशी एक कारकून, मागं पोलीस, त्याच्यामागं बंद दार. तो म्हणाला, नाव सांगा तुमच्या माणसाचं. मी म्हटलं, उंच हायत, सावळे. तो म्हणाला, बाई, इथं सगळेच सावळे. मी म्हटलं, चाळीत भाऊ म्हणतात. तर म्हणाला, आत निम्मे भाऊच आहेत, नाव सांगा. तीनदा विचारलं त्यानं, वाईट माणूस नव्हता. आतून कण्हण्याचा आवाज येत होता, मला वाटलं हेच, म्हंजे अजून जिते हायत. नि जित्या माणसाचं नाव कसं घेऊ? माझ्याच तोंडानं गेले तर? गळ्यापर्यंत आलं होतं हो. मागून लोकांनी ढकलली मला. म्हटलं दिराला आणते, तो सांगेल.

दीर डिलाईल रोडला. कर्फ्यूतून त्याच्यापर्यंत पोचून त्याला घेऊन येईस्तवर दुसरी दुपार झाली. त्यानं टेबलाशी उभं राहून खणखणीत नाव सांगितलं. कारकुनानं वही बघितली. त्या नावाचं कुणी नाय. तीन अनोळखी इसम होते, तिघं गेले, पोलिसांनीच परस्पर अग्नी दिला. त्यातले आमचे कुठले, विचारलं, तर कुणाला सांगता येईना. मी भिंतीला टेकून उभी होते. रडायला पण तोंड नव्हतं मला.

सासूला सगळं सांगितलं. वाटलं मारील, मारायला पायजे होती. ती म्हणाली, बरा केलंस, घराची रीत राखलंस. ते जे लागलंय ना मला, ते अजून निघालेलं नाय.

मग महाराष्ट्र झाला, गल्लीत पेढे वाटले, दिवे लावले. मी तेव्हा खानावळ चालवायची, गावच्या तीस माणसांचं दोन वेळचं जेवण. गल्लीतली पोरं कोपऱ्यावर गेलेल्यांच्या नावाचा दगड बसवणार होती, म्हणून मी त्यांच्याकडं गेले नि बोलले, लिहा, गोविंद सखाराम परब. जन्मात पहिल्यांदा. माझाच आवाज मला ओळखू येईना. पोरं म्हणाली, काकी, कागद हाय काय? कागदावर तर अनोळखी. तेवढ्यात मागून एक जण बोलला, भाऊ भिऊन गावाक पळालो असात. तेव्हा मात्र मी भर गल्लीत सगळं ओरडून सांगितलं, पळाले नायत ते, आत होते, मीच नाव सांगितलं नाय. दगड बसला. त्यावर नावं हायत, नि शेवटी लिहिलंय, आणि इतर. ते इतर म्हंजे आमचे. पोरं हार घालतात तेव्हा मी तिथंच हात ठेवते.

आता नातीकडं असते. ती गॅलरीतून नवऱ्याला हाक मारते, अरे प्रशांत, येताना दूध आण, सगळ्या गल्लीला ऐकू जातं. शेजारणी माझ्याकडं बघतात, म्हातारी काय बोलते म्हणून. मी म्हणते, घे गो बाय, मोठ्यानं घे, दहा वेळा घे. तुमी पण घेत जा. तुमच्या माणसाला उदंड आयुष्य मिळो. नाव घेतल्यानं काय होत नाय. मी नव्हतं घेतलं, तरी गेलेच.