कोहळा आणि उजवा हात

हॅलो? … सुखे, किती वेळ लावलास गं फोन करायला. कधीची इथे उभी आहे मी…

आंघोळीला गेली होतीस. बरं. आता बस कुठेतरी. … बस म्हणते ना. … नाही, कुणाला काही झालेलं नाही. हे मजेत आहेत, सकाळपासून खाली गाडी धुतायत पूजेसाठी. … अगं मी हसतेय, रडत नाहीये. … हो, थोडंथोडं दोन्ही आहे.

रस्त्यावरून बोलतेय. जिमच्या खालून. … जिम. … हो, तीच. राजाजीनगरातली, बसवंतची.

ओरड. ओरडून घे आधी, मग सांगते.

झालं? … अजून आहे? बरं.

… हो. … हो, डॉक्टर म्हणाले होते. … ते पण म्हणाले होते. … सुखे, एक सांग, मी पडले कुठे? आठव ना. मी पडले घरात, स्टुलावरून, माळ्यावरचा चकलीचा सोऱ्या काढताना. खांदा मोडला, ऑपरेशन झालं, सगळं झालं, आणि बंद काय केलंत तुम्ही सगळ्यांनी मिळून? जिम. माळा नाही कुणी बंद केला. … हसलीस. हसलीस ना? मग ऐक आता नीट.

नाही, यांना सांगितलेलं नाही. बाजारात फुलं आणायला जाते म्हटलं. … शूज घालून, हो. … अगं त्यांचं लक्ष गाडीच्या चाकांत. मी नेसूची साडी सोडून घोड्यावर बसून गेले असते तरी 'येताना लिंबं आण' इतकंच म्हणाले असते.

आजच का, तर तेच तर. माझं डोकं बघ. मला वाटलं सुट्टीचा दिवस, जिममध्ये चिटपाखरू नसेल. मी एकटी जाईन, कोपऱ्यातला तो सगळ्यात छोटा गुलाबी डंबेल उचलेन, जमला तर जमला, नाही जमला तर कुणी बघायला नको. … अगं लाज वाटते. पूर्वी मी काय उचलायचे माहितेय ना तुला? ती कोरमंगल्याची कंप्युटरवाली पोरं पण कडेला सरकायची. आणि आता भिंतीवर बोटांनी चढायचं, मुंगीसारखं, खांद्यापाशी आलं की संपलं. फिजिओवाली म्हणते, व्हेरी गुड आंटी. काय व्हेरी गुड? वेणी तू घालायचीस माझी, महिनाभर इथे राहून. तू गेलीस आणि मी केसच कापून टाकले. … तुला आवडले म्हणालीस तू, पण मला नव्हते कापायचे गं.

… नाही, जाऊ दे. आज नको ते. आज मजा ऐक.

तर मी वर गेले. ट्रॅक पँट, शूज, जुना टीशर्ट, गळ्यात नॅपकिन. दार उघडलं, आणि आत सगळ्या बायका रेशमी साड्यांत. … अगं हो, आयुधपूजा. इथे जिमची पण करतात. … खंडेनवमीच गं, पण आपल्याकडे विळी-कोयतीला फूल वाहून मोकळे होतो. इथे ट्रेडमिलला केळीचे खांब बांधले होते. सायकलीला झेंडू. मोठ्या मोठ्या लोखंडी चकत्यांना हळदीकुंकवाची बोटं. आणि माझा तो गुलाबी डंबेल, त्याच्यावर शेवंतीचं फूल, देवासारखा पाटावर बसवलेला. … तेच ना. आज हात लावायचा नाही कशाला. इतकी वर्षं इथे राहतेय, घरात दरवर्षी मिक्सरची पूजा करते, आणि हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

मी मागच्या मागे सटकणार, तेवढ्यात बसवंतने बघितलं. "अक्का आल्या, अक्का आल्या." … निपाणीचा ना तो, मराठी बोलतो छान. तू बघितलंयस त्याला, घरी आला होता फळं घेऊन. … तोच, दारातून आडवा आत आला तो. त्याने आज नवा पंचा नेसला होता, लुंगीसारखा, जरीकाठी. उघडा वरून. एवढे दंड, एवढी छाती, आणि पंचा नेसायची सवय नाही. सारखा एका हाताने कमरेला चाचपत होता.

ऐक ना, तिकडेच येतेय.

आरती झाली, चुरमुरे-फुटाणे वाटले, मग सगळे खाली दारात आले कोहळा फोडायला. दृष्ट काढून रस्त्यावर आपटतात ना. केवढा कोहळा होता सांगू, तान्ह्या पोरासारखा दोन्ही हातांनी धरावा लागेल एवढा. त्याच्यावर कापूर पेटवला. बसवंत ओवाळायला लागला दारावरून. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं, आणि अगं त्याचा पंचा…

… सुटला. … नाही, पूर्ण नाही, पण निघाला. त्याने घाबरून बाजूला बघितलं, मी उभी. "अक्का, जरा धरा की." आणि दिला माझ्या हातात कोहळा.

… मी काय करणार? घेतला. त्याचे दोन्ही हात कमरेला. मी दोन्ही हातांनी पोटाशी धरलाय, वर कापूर धडधडतोय. इतके लोक, एकजण पुढे येत नाही. सगळे हसतायत नाहीतर मोबाईल काढतायत. आणि वारा आला गं, ज्योत सरळ माझ्या तोंडावर. भुवई गेलीच म्हटलं. मी केला वर.

… कोहळा केला वर. … डोक्याच्या वर. … दोन्ही हातांनी, मग काय एका हाताने? वर केला आणि दिला दणकन आपटून.

हॅलो? … आहेस ना?

… सुखे. … सुखे, मी काय सांगतेय आणि तू काय विचारतेस? … हो, बाईने फोडला. मला माहितेय बायकांनी फोडायचा नसतो. आई वड्या करायच्या असल्या की शेजारच्या दातारकाकांना बोलवायची, ते एक वार घालायचे, चहा प्यायचे, मग आई चिरायची. माहितेय मला. … अगं तिथे पण तेच झालं. एक आजी 'अय्यो शिवने' म्हणून गालावर मारून घ्यायला लागल्या. मी शरमेने मेले. जिमची दृष्ट काढायला गेले आणि अपशकुन केला, पुढच्या वर्षभरात जो पडेल त्याचं खापर माझ्या डोक्यावर. मी बसवंतला सॉरी म्हणायला वळले, तर तो कोहळ्याकडे बघतच नव्हता. पंचा मुठीत धरून माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "अक्का, हात."

मला कळेचना. मला वाटलं भाजला म्हणून विचारतोय. "भाजला नाही रे," म्हटलं. तो म्हणे, "तसं नाही अक्का. हात वर गेला की तुमचा."

… हो.

… हो गं. उजवा. … ज्याला डॉक्टर म्हणाले होते, इतकाच येईल, आता यात समाधान माना. तोच.

… रडू नकोस. सुखे, मग मी पण रडेन आणि इथे चौकात उभी आहे मी. … अगं हो, मला पण आठवतंय सगळं. हुक लावून द्यायचीस माझे आणि बोलत राहायचीस, मला वाईट वाटू नये म्हणून. भाजीचे भाव सांगायचीस. मला सगळं कळायचं. मी काही बोलले नाही तेव्हा, पण मला कळायचं.

… बस. पुरे. पाणी पी.

हो, त्या आजींचं काय झालं, तर बसवंतने त्यांना कन्नडमध्ये काय सांगितलं कुणास ठाऊक, त्या माझ्याजवळ आल्या, माझा खांदा चाचपला, आणि माझीच दृष्ट काढली बोटं मोडून. दुसरा कोहळा आणला मग, तो त्यानेच फोडला. पंच्यावर पट्टा बांधून. वजन उचलताना कमरेला बांधतात ना तो, चामड्याचा.

… हस, हस. फोटो आहे. पाठवते.

म्हणाला, "दसरा झाला की यायचं अक्का, पहिल्यापासून सुरू करू, स्वल्प स्वल्प." … थोडंथोडं. … नाही. … हो म्हणाले नाही अजून. … अगं, बघू म्हटलं.

… भीती वाटते म्हणून. कशाची काय? … यांची कसली भीती, यांना सांगेन मी रात्री जेवताना.

सुखे… खरं सांगू? मी त्यानंतर परत वर केलाच नाहीये. … हात. … नाही ना. तेव्हापासून असा पोटाशी धरून उभी आहे. फोन पण डाव्या हातात आहे. एकदाच गेला असेल तर? ज्योत आली म्हणून, घाबरले म्हणून. आणि आता मुद्दाम करायला गेले आणि खांद्यापाशी अडकला, तर मला नाही सहन व्हायचं गं. त्यापेक्षा एकदा गेला होता, एवढंच राहू दे ना माझ्याजवळ.

… आत्ता? … रस्त्यात? … लोक बघतील. … तू फोनवर आहेस म्हणून काय, तू काय धरणार आहेस मला पुण्याहून?

… ओरडू नकोस. … ताई-बिई काही म्हणू नकोस, मला कळतं तू कधी ताई म्हणतेस ते.

… बरं. … बरं, करते. बोलत राहा तू. काहीही बोल. … हो, भाजीचे भाव सांग, चालेल. …

खांद्यापर्यंत आला. … हं. इथे थांबतो नेहमी. … किती? गवार एवढी महाग? … थांब. दुखतंय थोडं, पण ओढल्यासारखं. … हं. … कानापाशी आलाय. … सुखे. … सुखे, कानाच्या वर गेला. कोपर सरळ झालं. अगं बोटं दिसतायत मला माझी, वर, आकाशात…

अय्या. … नाही नाही, काही झालं नाही. रिक्षा थांबली. … माझा हात बघून. एरवी घसा फोडून ओरडलं तरी थांबत नाहीत मेले. … इल्ला अण्णा, बेडा. नकोय रिक्षा. … कुठे जायचं विचारतोय. … कुठेच नाही अण्णा, सुम्ने, उगीचच. … आणखी एक थांबली मागे. आता दोघं भांडतायत, गिऱ्हाईक कुणाचं म्हणून. बस पण अडकली, हॉर्न ऐकू येतोय ना?

… ठेवते. ठेवते मी, पोलीस येईल आता. … आधी वर जाते, बसवंतला सांगते येते म्हणून, मग करते तुला. … काय? … हो, यांना पण सांगते. …

हात ना? … नाही, अजून वरच आहे.