काकींचा पहारा

अरे, तेव्हाचे कॉम्प्युटर गेम किती संशयी असायचे, ठाऊक आहे? फ्लॉपी सहज कॉपी व्हायची, पण गेम सुरू करताना स्क्रीनवर प्रश्न यायचा: गेमसोबत मिळालेल्या पुस्तकातल्या अमुक पानावरचा तमुक शब्द टाइप करा. ते पुस्तक माझ्या मित्राकडे, मुलुंडच्या सुहासकडे. त्याची पानं मुद्दाम इतकी गडद लाल, की झेरॉक्स काढली तर नुसता काळा कागद! आणि सुहास पुस्तक काही हातचं सोडेना.

मग मी भांडुपला मामाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरसमोर बसून सुहासच्या घरी फोन लावायचो. सुहास क्लासला गेलेला, फोनवर मालवणच्या काकी, म्हणजे त्याची आई. त्यांना इंग्रजी वाचता यायचं नाही, पण अक्षरं ओळखायच्या. पान शोधून एकेक अक्षर सांगायच्या आणि लगेच विचारायच्या, "काय रे, उघडला दार?"

"उघडलं, काकी."

"भितर काय आसा?"

मग मी किल्ला, भुयार, राक्षस सगळं सांगत बसायचो.

पुढे कुणीतरी शब्दच न विचारणारी फ्लॉपी आणून दिली. एकदम झकास, यार! माझे फोन बंद. थोड्या दिवसांनी ऑफिसात काकींचाच फोन आला. "किल्ल्याचा काय झाला रे?"

"काकी, मी पार शेवटच्या दालनात पोचलो!"

काकी कडक आवाजात म्हणाल्या, "माका न इचारता भितर गेलंस कसो?"