झाकलेली मूस

टोरोंटोच्या बसमध्ये बळवंतरावांच्या पुढच्या सीटवर दोन मराठी मुली बसल्या. एकीच्या मांडीवर पोलादाचा तडकलेला गोळा होता. म्हाताऱ्याने कान टवकारले.

"देवयानी, व्हायकिंग लोहारांसारखी तलवार घडवणार होतीस ना? हा तर फुटका लाडू!"

"लोखंड, कोळसा नि काच मातीच्या मुशीत घालून झाकण लिंपलं होतं गं. वितळलंही छान."

"मग?"

"मूस भट्टीतच हळूहळू निवायला हवी होती. मी लगेच काढून फोडली."

"भाकरीसुद्धा तू अशीच सारखी उलटतेस! कॉलेजची भट्टी उद्यापासून बंद. सोड हा नाद."

"म्हणूनच आज पुन्हा लावतेय."

"आणि मूस लगेच काढायला पुन्हा हात शिवशिवले तर?"

"भट्टी विझवली की माझे हातमोजे तू तुझ्या बॅगेत टाकायचे आणि सरळ घरी जायचं. मी कितीही हाका मारल्या तरी."