मावशीचा फोन

फुकटची ऑनलाइन टूल्स कामाची नसतात, असं मला कोणी सांगू नका. मी अर्नाळ्यात एका मच्छीमार सोसायटीचं जनसंपर्काचं काम बघते. मागे वादळाचा इशारा आला. मी मजकूर एका फुकटच्या टूलमध्ये टाकला, त्यातल्या कॉम्प्युटरच्या बाईने तो गोड आवाजात वाचला आणि त्या रेकॉर्डिंगचे सगळ्या नाखव्यांना फोन गेले. थोड्या वेळाने किनाऱ्यावर जाऊन बघते तर लोक समुद्रावर जायला होड्यांत बर्फ भरतायत!

"इशारा ऐकला नाही का?" मी एका नाखव्याला विचारलं.

"कसला इशारा? लोनवाल्या बाईचा फोन होता. कट केला."

माझी मावशी तिथेच मासळी विकते, तिचा आवाज सगळं गाव ओळखतं. तिला मोबाईलवर रेकॉर्ड केलं, दुसऱ्या फुकटच्या टूलने मागचा गोंगाट काढला आणि ते रेकॉर्डिंग पुन्हा सगळ्यांना फोनवर ऐकवलं.

"वादळ येतंय. कोनी होडी काढायची नाय, सांगून ठेवते!"

एकही होडी गेली नाही. उलट तोच नाखवा तणतणत मावशीकडे आला.

"नाय जात गो मावशी. पन माझं ऐकायच्या आधी फोन का ठेवलास?"