मशीननं गाळलेली बातमी

हसा लेकहो, पण ही अक्कल मीच लावली होती. राळेगावच्या माहिती केंद्रातला कॉम्प्युटर मीच पाहाचो. सगळ्या केंद्रांच्या बातम्या एकमेकांकडून फिरून यायच्या, म्हणून केंद्राबाहेरच्या पडद्यावर एकच बातमी तीनदा दिसे. मी सेटिंग केली: मथळा सारखा असला, की दुसरी बातमी गाळून टाकायची.

दुसऱ्याच दिवशी सुनंदाकाकू तरातरा आली.

"काहून रे, आज आपल्या गावात खरेदी सुरू झाली, अन् तुह्या पडद्यावर नुसतं दिग्रस? लोकं कापूस घरात ठेवून बसले ना!"

पाहिलं, तर दोन्ही गावांचा मथळा एकच: 'कापूस खरेदी सुरू'. दिग्रसची आधी आली, म्हणून आपली गाळली.

"काकू, मशीनले वाटलं, तेच परत आलं."

"मंग सांग तिले," काकू म्हणे, "दिग्रसचं भलं झालं म्हणून आमचं रद्द होत नाही!"